टाकीतून निसटलेला झाडबेडूक घरात कसा शोधावा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. न्यू जर्सीतील आपल्या दुमजली घरात मुलीने पाळलेला व्हाइट्स ट्री फ्रॉग जातीचा, पूर्ण वाढलेला हिरवा झाडबेडूक तीन दिवसांपूर्वी त्याच्या काचेच्या टाकीतून नाहीसा झाला. आदल्या संध्याकाळी टाकी स्वच्छ केल्यानंतर जाळीच्या झाकणाची एक क्लिप नीट बसली नव्हती आणि सकाळी तो कोपरा वर उचललेला दिसला. बाहेर फेब्रुवारीची थंडी आहे, घरात गरम हवेची हीटिंग चोवीस तास सुरू आहे आणि घरात एक मांजरही आहे. तो बाहेर गेला असेल का, अजून जिवंत असेल का आणि नेमका कोठे शोधावा, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दोन शंकांचे उत्तर लगेच देतो. या ऋतूत खिडक्या बंद असतात आणि दारे क्षणभरच उघडतात, त्यामुळे तो घरातच असण्याची शक्यता फार मोठी आहे. तीन दिवस हा या जातीच्या निरोगी, प्रौढ बेडकासाठी जीवघेणा काळ नसतो. असे बेडूक आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा, अंगावर धूळ चिकटलेल्या आणि वजन उतरलेल्या अवस्थेत, पण जिवंत सापडल्याचे बेडूक सांभाळणाऱ्या आम्हा सर्वांनाच ठाऊक आहे. मात्र हीटिंगच्या कोरड्या हवेत त्याच्या शरीरातील पाणी रोज घटत असते, म्हणून शोध पद्धतशीर आणि आजच सुरू व्हायला हवा. अन्नाची चिंता तूर्त सोडून द्यावी; प्रौढ झाडबेडूक उपाशी बराच काळ राहू शकतो, पाण्यावाचून मात्र नाही.

घर पालथे घालण्यापूर्वी टाकी पालथी घालावी. हे सांगताना अनेकांना राग येतो, कारण त्यांनी टाकी "दहा वेळा" पाहिलेली असते. तरीही पळालेला म्हणून घोषित झालेला बेडूक टाकीतच निघण्याचे प्रमाण कमी नाही. काचेला लावलेल्या फोमच्या पार्श्वभागामागची फट, पोकळ कॉर्कच्या नळीचा आतला भाग, झाकणाच्या चौकटीची खालची बाजू, पाण्याच्या भांड्याखालची पोकळी आणि कुंडीतील रोपाच्या मुळाशी असलेला खळगा या जागा नुसत्या पाहून भागत नाही; प्रत्येक वस्तू बाहेर काढून, हातात घेऊन, उलटी करून पाहावी लागते. आपल्या बाबतीत झाकणाचा कोपरा उचललेला सापडला, म्हणजे संशय बाहेरचाच आहे, पण या तपासणीला अर्धा तास पुरतो आणि त्यानंतर मन निःशंक होते.

त्यानंतर लगेच घरातील धोके बंद करावेत. आपोआप फिरणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर तो आजपासून बंद ठेवावा. वॉशिंग मशीन आणि ड्रायर सुरू करण्यापूर्वी आतला प्रत्येक कपडा झटकून पाहावा, कारण ओलसर कपड्यांचा ढीग ही या प्राण्याची आवडती जागा आहे. पाठ मागे कलणाऱ्या सोफ्याची यंत्रणा वापरू नये. बूट, चपला, दप्तरे आणि उघड्या पिशव्या तपासल्याशिवाय हात किंवा पाय घालू नयेत. उंदीर-झुरळांसाठी लावलेले चिकट कागद तत्काळ उचलावेत. बेडकाची त्वचा त्यावर अडकली तर ती सोडवणे घरच्या घरी जमणारे काम नाही. फरशी पुसण्याचे रसायन, कीटकनाशकाचा फवारा, खोलीत सुगंध सोडणारी यंत्रे आणि उदबत्तीसुद्धा काही दिवस थांबवावी, कारण बेडूक त्वचेवाटे केवळ पाणीच नव्हे, तर पाण्यात विरघळणारी पुष्कळ द्रव्येही शोषून घेतो. कमोडचे झाकण बंद ठेवावे आणि कमोडच्या टाकीत टाकायची निळी वडी असेल तर ती काढून टाकावी. मांजराला शोध पूर्ण होईपर्यंत एकाच खोलीत ठेवावे, आणि ती खोली आधी तपासावी. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: मांजर एखाद्या कपाटाकडे किंवा पडद्याकडे बराच वेळ टक लावून बसत असेल, तर त्या साक्षीची दखल घ्यावी.

आता मूळ मुद्दा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाच्या खालच्या भागातील आणि मांड्यांच्या आतल्या बाजूची त्वचा पातळ व रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि तिच्यावाटे तो पाणी ओढून घेतो. तहानलेला बेडूक ओल्या पृष्ठभागावर आला की मागचे पाय थोडे फाकवून पोट जमिनीला घट्ट टेकवतो आणि तसाच स्थिर बसतो. पाणी खोल असण्याची गरज नसते; ओला कपडा पुरतो. शिवाय मूत्राशयात साठवलेले पातळ मूत्र हा त्याचा राखीव साठा असतो, आणि शरीर कोरडे पडू लागले की तो त्यातील पाणी पुन्हा रक्तात ओढून घेतो. व्हाइट्स ट्री फ्रॉग मूळचा उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलियाचा आणि दक्षिण न्यू गिनीचा. त्याच्या मुलखातील काही भागांत वर्षाचे अनेक महिने कोरडे जातात. त्यामुळे इतर बऱ्याच बेडकांच्या मानाने त्याच्या त्वचेतून पाणी सावकाश उडते, त्वचेवर मेणासारखा थर असतो आणि हातपाय पोटाखाली दुमडून, अंग आवळून बसल्यास हा वेग आणखी घटतो. तीन दिवसांनंतरही मी आशा देतो आहे, ती या शरीररचनेच्या भरवशावर.

या माहितीतून शोधाची दिशा ठरते. पहिल्या रात्री निसटलेला झाडबेडूक वर जातो: भिंतीवर, पडद्यावर, पुस्तकांच्या कपाटावर, दाराच्या चौकटीच्या माथ्यावर. दिवस उजाडला की मिळेल त्या अरुंद, अंधाऱ्या फटीत अंग घुसवून झोपतो. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून शरीर कोरडे पडू लागते आणि मग तो ओलाव्याच्या शोधात खाली उतरतो. कोकणात आणि गोव्यात वाढलेल्या वाचकांनी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलेले असते. पाऊस संपून महिने लोटले की चुनाम झाडबेडूक न्हाणीघरात येतो आणि बादलीमागे, नळाच्या कोपऱ्यात किंवा कमोडच्या टाकीत मुक्काम ठोकतो. ऑस्ट्रेलियात व्हाइट्स ट्री फ्रॉगही नेमके हेच करतो. तेथील ग्रामीण घरांत शौचालयाची टाकी, पावसाचे पाणी वाहून नेणारे नळ आणि टपालपेट्या ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. म्हणून आज तिसऱ्या दिवशी आपण केवळ टाकीच्या आसपास शोधत असाल, तर स्नानगृहे, स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट, भांडी धुण्याच्या यंत्राची खालची फट, पाणी तापवण्याच्या टाकीची जागा आणि बेसमेंटमधील पाणी उपसण्याचा खड्डा यांच्याकडेही वळावे लागेल.

माझी पद्धत अशी आहे की बेडकाच्या मागे धावण्याऐवजी घरातील पाणी आपल्या ताब्यात घ्यावे. घरातील प्रत्येक खोलीचे दार बंद करावे आणि दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल ठासावा, म्हणजे तपासलेली खोली तपासलेलीच राहते. त्यानंतर स्नानगृहांतील आणि सिंकमधील सांडलेले पाणी पुसून घ्यावे, शॉवरच्या जाळीवर आणि सिंकच्या भोकांवर बूच किंवा जड झाकण ठेवावे, आणि प्रत्येक बंद खोलीत एकच ओली जागा आपण स्वतः तयार करावी. काही लोक घर पूर्ण कोरडे करून एकाच ठिकाणी पाणी ठेवण्याचा सल्ला देतात. तो मला पटत नाही, कारण बेडूक दुसऱ्याच खोलीत अडकलेला असेल तर आपण त्याला पाण्यापासून तोडतो. बेडूक नेमका कोणत्या खोलीत आहे हे कळेपर्यंत प्रत्येक खोलीत ओलावा हवाच. तो कोठे असावा, हे मात्र आपण ठरवायचे.

ही जागा तयार करणे सोपे आहे. एक जाड, गडद रंगाचा सुती टॉवेल क्लोरिन काढलेल्या पाण्यात (ते कसे काढावे हे पुढे सांगितले आहे) भिजवून, ठिबकणार नाही इतका पिळून, भिंतीच्या कडेला सैलसर घड्या करून ठेवावा, कारण बेडूक मोकळ्या जमिनीपेक्षा भिंतीच्या कडेने जाणे पसंत करतो. शेजारी एक उथळ ताटली ठेवून तिच्यात बोटाच्या एका पेराइतकेही नाही, एवढेच पाणी ठेवावे. टॉवेलच्या एका टोकाखाली प्लास्टिकचा डबा आडवा ठेवल्यास तयार होणारी अंधारी पोकळी त्याला लपायला मिळते. जवळ ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारे यंत्र, लावता आला तर उत्तम. थंड वाफेचा असावा, गरम वाफेचा नसावा. हीटिंग बंद करू नये, कारण थंडीने तो सुस्तावून जागच्या जागी बसून राहील. थर्मोस्टॅट साधारण 70 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 21 अंश सेल्सियसवर ठेवावा, म्हणजे हवा फार कोरडी होत नाही आणि त्याची हालचालही थांबत नाही. टॉवेल रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उजेड होण्याआधी, असा दोनदा हळुवार उचलून पाहावा आणि दर वेळी पुन्हा भिजवावा. हिवाळ्यात तो रात्रभरात कडक वाळून जातो आणि मग त्याचा काहीच उपयोग उरत नाही.

शोधाची खरी वेळ रात्रीची आहे. सर्व दिवे मालवून, दूरदर्शन संच बंद करून, अंधार पडल्यावर दोन-तीन तासांनी एकाच माणसाने हातात विजेरी घेऊन खोलीत शिरावे. विजेरी कमरेजवळ न धरता कपाळाशी किंवा डोळ्यांच्या रेषेत धरावी. बेडकाच्या डोळ्यातून परतणारी चमक प्रकाशाच्या दिशेनेच परत येते, त्यामुळे डोळा आणि विजेरी जितकी जवळ तितकी ती स्पष्ट दिसते. प्रकाश प्रथम जमिनीच्या कडेने, मग खिडकीच्या चौकटीवरून, मग छताच्या कोपऱ्यांतून सावकाश फिरवावा. खोलीत शिरल्यावर पाच-दहा मिनिटे अंधारात गप्प बसणे हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. हा बेडूक अंगाने जड असतो. तो काचेवरून किंवा कपाटावरून खाली उडी मारतो तेव्हा ओल्या हाताने लाकडावर हलकेच थापटल्यासारखा आवाज येतो आणि शांत घरात तो सहज ऐकू येतो. जमिनीवर भिंतीच्या कडेने वर्तमानपत्राचे पान पसरून ठेवल्यास त्यावरची पावलेही ऐकू येतात.

दिवसा शोधताना आपण हिरवा बेडूक शोधत असाल, तर तो नजरेसमोर असूनही दिसणार नाही. ही जात तापमान आणि सभोवतालनुसार गडद हिरव्यापासून मळकट तपकिरीपर्यंत रंग बदलते आणि टाकीबाहेरच्या ताणात बहुधा तपकिरीच असते. पडद्याच्या चुणीत बसलेला असा बेडूक जवळून पाहिला तर पुढचे हात छातीखाली ओढलेले, बोटांच्या टोकावरील गोल गाद्या आत वळलेल्या, मागचे पाय कुशीला इतके घट्ट मिटलेले की पाय आणि धड यांमधली रेघ शोधावी लागते, आणि डोळे मिटून खाली ओढलेले दिसतात. कोणीतरी कापडाला चिकटवून विसरून गेलेला मातीचा गोळा वाटावा, असा तो दिसतो. फक्त गळ्याखालची त्वचा हलत असते, तीही गाढ झोपेत क्वचितच. म्हणून दिवसाच्या शोधात नजरेवर विसंबू नये. पडद्याची प्रत्येक चुणी वरून खाली तळहाताने चाचपावी, पडद्याच्या दांड्यामागे हात फिरवावा, भिंतीवरील चित्रे आणि घड्याळे उचलून त्यांची मागची बाजू पाहावी, पुस्तके पुढे ओढून मागची फट पाहावी आणि खिडकीच्या तावदानांच्या खाचा वरपर्यंत तपासाव्यात. फ्रिजची मागची बाजू तपासण्यासाठी तो ओढताना अतिशय सावकाश ओढावा. खाली प्राणी असेल या गृहीतकानेच ओढावा.

ज्या वाटेने तो गेला तिच्या खुणाही पाहाव्यात. टाकीच्या बाहेरच्या काचेवर किंवा रंगवलेल्या भिंतीवर वाळलेले, चमकदार, गोल ठसे आणि क्वचित भिंतीच्या कडेला गडद रंगाची, अंगठ्याच्या टोकाएवढी विष्ठा सापडते. विष्ठा ओली असेल तर तो त्या खोलीत आजच होता, असे समजावे.

आवाजाचा उपयोग होतो, पण अर्धाच. जोरदार हाक नर देतात. माद्या तशा ओरडत नाहीत. आपल्या बेडकाच्या गळ्याखालची त्वचा सैल, सुरकुतलेली आणि करडी असेल आणि तो पूर्वी रात्री खोल, घोगऱ्या आवाजात सलग ओरडत असेल, तर तो नर आहे. अशा नरांना पाण्याचा आवाज, पावसाचे ध्वनिमुद्रण, स्वतःच्या जातीची हाक आणि गंमत म्हणजे व्हॅक्युम क्लीनरची घरघरसुद्धा ओरडायला प्रवृत्त करते. रात्री शॉवर दहा मिनिटे सोडावा, किंवा मोबाइलवर त्याच जातीच्या नराची हाक थोडी वाजवून बंद करावी आणि कान देऊन ऐकावे. एक अडचण सांगून ठेवतो: हा प्राणी नळीत किंवा पोकळीत बसून ओरडला तर आवाज भलताच मोठा आणि भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो. दोघांनी खोलीच्या दोन टोकांना उभे राहून एकाच वेळी बोटाने दिशा दाखवावी आणि त्या दोन रेषा जेथे मिळतात तेथे पाहावे. उत्तर मिळाले नाही म्हणून निराश होऊ नये. ताणाखालचा नरही गप्प राहतो.

काही प्रचलित युक्त्या मात्र करू नयेत. पावलांचे ठसे उमटावेत म्हणून जमिनीवर पीठ किंवा टाल्कम पावडर पसरणे हे आधीच कोरड्या पडलेल्या, ओलसर त्वचेच्या प्राण्याशी क्रूरपणे वागणे आहे. आमिष म्हणून खोलीत नाकतोडे किंवा क्रिकेट (बेडकांना खाऊ घालायचे रातकिडे) मोकळे सोडल्यास ते पसरतात, कपाटामागे जातात आणि आपल्याला एकाऐवजी वीस प्राणी शोधावे लागतात. बेडूक हलणारे भक्ष्य पाहून झडप घालतो हे खरे, पण तहानलेला बेडूक भुकेने बाहेर येत नाही. आमिष ठेवायचेच असेल तर पारदर्शक, हवेसाठी बारीक छिद्रे असलेल्या बंद डब्यात चार क्रिकेट ठेवून तो डबा ओल्या टॉवेलजवळ ठेवावा. नुकसान काही नाही, फायदा झाला तर झाला.

अमेरिकेतील घरांत एक जागा विशेष त्रासदायक असते आणि आपल्या घरात गरम हवेची हीटिंग आहे म्हणून ती वेगळी सांगतो. जमिनीतील हवेच्या जाळ्यांच्या फटी प्रौढ व्हाइट्स ट्री फ्रॉगला सहसा अरुंद पडतात, पण जाळी सैल असेल किंवा एखादी पट्टी मोडलेली असेल तर तो आत जाऊ शकतो. प्रत्येक जाळी उचलून विजेरीने आत पाहावे, हात जाईल तेथवर चाचपावे, आणि त्यानंतर जाळीवर बारीक छिद्रांची मच्छरदाणीची जाळी टेपने चिकटवावी; हवा अडवू नये. तो खाली गेला असेल अशी शंका आल्यास उघड्या जाळीत भिजवलेल्या जाड सुती टॉवेलचे एक टोक सोडून दुसरे टोक बाहेर पसरून ठेवावे आणि त्या रात्रीपुरता त्या खोलीचा पंखा बंद ठेवावा. ओल्या कापडाला धरून तो वर चढतो. बेसमेंटमध्ये हीटिंगच्या भट्टीच्या जवळची जमीन, पाणी उपसण्याचा खड्डा आणि पायाच्या भिंतीची थंड, दमट कडा यांची पाहणी करावी. बेडूक वरच्या मजल्यावरून निसटला तरी जिन्याच्या दाराखालची फट त्याच्या पुढच्या वाटेला पुरेशी असते.

हे उत्तर दुसऱ्या जातींचे पालकही वाचतील म्हणून थोडक्यात सांगतो. पॅकमॅन फ्रॉग आणि भेकांच्या (टोड) जाती सहसा चढत नाहीत. त्यांना जमिनीवर, भिंतीच्या कडेला, फर्निचरखाली शोधावे आणि पॅकमॅनच्या बाबतीत आधी टाकीतील माती खोलवर उकरावी, कारण तो स्वतःला मातीत पुरून घेतो. पाण्यातच राहणारा छोटा आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग हवेत फार थोडा वेळ टिकतो. त्याचा शोध टाकीच्या स्टँडमागे आणि गालिच्यावर, त्याच क्षणी व्हायला हवा. विषारी डार्ट फ्रॉगचे विष त्यांच्या रानातील अन्नातून येते, त्यामुळे बंदिवासात वाढलेले हे बेडूक विषारी नसतात, पण ते इतके लहान असतात की शोधताना आपलेच पाऊल त्यांना सर्वांत घातक ठरते. भारतातील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की न्हाणीघरात आलेला देशी बेडूक हा निसटलेला पाळीव प्राणी नव्हे. आपल्याकडील काही बेडकांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; अशा बेडकाला ओल्या हातांनी उचलून अंगणातील झाडीत सोडावे.

सापडल्यावर घाई करू नये. हात साबण न लावता क्लोरिन काढलेल्या पाण्याने ओले करावेत, एक तळहात त्याच्या पोटाखाली सरकवावा आणि दुसरा वरून सैलसर झाकावा. दाबले तर तो मूत्राशय रिकामा करतो, आणि ते पाणी याच क्षणी त्याच्यासाठी सर्वांत मोलाचे असते. अंगाला केस, धागे आणि धूळ चिकटलेली असेल तर ती चिमटीने ओढू नये. पाण्यात भिजवून आपोआप सुटू द्यावी. ती अंगावर तशीच राहिली तर कात टाकताना तो ती कातीबरोबर गिळेल, कारण बेडूक स्वतःची कात खातो, आणि केसांचा गोळा आतड्यात अडकू शकतो.

त्याला गुळगुळीत तळाच्या डब्यात, जेमतेम पोट बुडेल एवढ्या पाण्यात ठेवावे आणि नाकपुड्या पाण्याबाहेर राहतील याची खात्री करावी. पाणी खोलीच्या तापमानाचे, साधारण 22 ते 24 अंश सेल्सियसचे असावे, कोमटही नको. नळाचे पाणी रात्रभर ठेवल्याने क्लोरिन उडते, पण अमेरिकेतील अनेक शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते तसे उडत नाही, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे पाणी शुद्ध करण्याचे थेंबच वापरावेत. डिस्टिल्ड पाणी टाळावे. मीठ, साखर, मध किंवा मुलांसाठीचे क्षारयुक्त पेय पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय मिसळू नये. तासाभराने पाणी बदलावे. त्वचा सुरकुतलेली, डोळे आत गेलेले आणि हातपाय ताठ असले, तरी त्याला मेलेला समजून टाकून देऊ नये. गार पडलेले, हालचाल न करणारे बेडूक पाण्यात काही तासांनी गळा हलवू लागल्याचे मी पाहिले आहे. उलटे केल्यावर तो स्वतःहून सरळ होत नसेल, तोंड उघडे टाकत असेल, पाय ओढत असेल किंवा त्वचेवर लाल चट्टे असतील, तर उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावे. मांजराचा दात लागल्याची नुसती शंका असली तरी थांबू नये, कारण मांजराच्या चाव्यातून होणारा संसर्ग जखम दिसण्यापूर्वीच पसरतो. मांजराने त्याला तोंडात धरले असेल तर मांजराच्या तोंडाला फेस येईल; या जातीच्या त्वचेतील द्रव्य मांजरासाठी सहसा त्रासदायक असते, प्राणघातक नसते, तरी तोंड पाण्याने पुसून द्यावे आणि डॉक्टरांना फोन करावा.

मुलीला हे सर्व करताना सोबत घ्यावे, मात्र प्रत्येक वेळी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. अमेरिकेत 2008 ते 2011 या काळात पाळीव आफ्रिकन ड्वार्फ बेडकांशी जोडलेल्या साल्मोनेला जिवाणूच्या साथीत 200 हून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांत लहान मुले बहुसंख्य होती. बेडूक ज्या सिंकमध्ये किंवा ताटलीत ठेवला, ती भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांत परत मिसळू नयेत.

शोध किती दिवस चालवावा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येईलच. पहिला आठवडा रोज रात्री पाहावे. त्यानंतर आणखी दोन आठवडे टॉवेल ओले ठेवावेत आणि दिवसातून एकदा तपासावेत. टॉवेलचे काम आपल्या श्रमाविना चालू राहते. या काळात घरात बेडकाचा वास, म्हणजे कुजका वास, कोठे येतो का, याकडेही लक्ष ठेवावे, कारण तोही एक निष्कर्ष असतो आणि मुलीला तो आपल्याकडूनच कळलेला बरा. तो बाहेर गेल्याचा पुरावा उन्हाळ्यात मिळाला असता तर मी आणखी एक गोष्ट सांगितली असती: परदेशी बेडूक बागेत जगू दे, असे म्हणून सोडून देऊ नये. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी 1999 मध्ये शास्त्रीय नावाने नोंदली गेली आणि तिने जगभरातील उभयचरांचे जे नुकसान केले आहे, त्यात पाळीव आणि प्रयोगशाळेतील बेडकांच्या व्यापाराचा वाटा आहे. म्हणून बाहेर दिसला तरी पकडून आणावा आणि घरात दुसरे बेडूक असतील तर त्याला वेगळ्या टाकीत ठेवावे.

टाकीत परत ठेवताना जाळीची ती क्लिप बदलावी, आणि दोन्ही बाजूंना एकेक जास्तीची लावावी. पूर्ण वाढलेला व्हाइट्स ट्री फ्रॉग दहा सेंटिमीटरपर्यंत लांब असतो आणि रात्रभर डोक्याने झाकण ढकलत राहतो. दिव्याची आणि तापमापकाची वायर जेथून आत जाते ती खाच फोमने बुजवावी. जाळी प्लास्टिकची असेल तर तिच्याऐवजी धातूची घ्यावी, कारण क्रिकेट प्लास्टिकची जाळी कुरतडून भोक पाडतात आणि ते भोक बेडूक नंतर रुंद करतो. पहिले दोन दिवस टाकी अर्धी झाकून अंधारी ठेवावी, ओलावा वाढवावा, हाताळणे टाळावे आणि अन्न देऊ नये. तिसऱ्या रात्री एक-दोन लहान क्रिकेट द्यावेत. विष्ठा होईपर्यंत आहार कमीच ठेवावा, दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या नव्हे, तर वेगळ्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवावे, आणि आठवडाभरात वजन वाढले नाही किंवा विष्ठेत केसांचे पुंजके दिसले तर तो कागद घेऊन पशुवैद्यांकडे जावे.